सव्वीसचा रकाना

नरसाळे हे तिचं आडनाव नव्हे. पण टपालवाल्यापासून दवाखान्यातल्या बाईंपर्यंत सगळे तिला नरसाळेबाईच म्हणत. एकदा मतदारयादीतही तसंच छापून आलं, तेव्हा दुरुस्तीचा अर्ज करायची तसदी तिने घेतली नाही. "जन्माचं आडनाव फुकट मिळालं होतं," ती म्हणायची, "हे मी कमावलंय."

कमावलं ते गावाबाहेरच्या विमानतळावर. विमानतळ म्हणायचं ते आपल्या मनाच्या मोठेपणाने. एक धावपट्टी, तिच्या दोन्ही अंगांना गुडघाभर गवत, दोन खोल्यांचं कार्यालय, पत्र्याच्या तीन शेड आणि वारा दाखवायला खांबावर एक कापडी मोजा, तोही असा विरलेला की वाऱ्यालाच लाज वाटावी. एरवी तिथे आठवड्याला दोन विमानं उतरायची, एक हौशी दंतवैद्याचं आणि एक पिकांवर औषध फवारणाऱ्याचं. पण उन्हाळा लागून समोरच्या डोंगरावरची झाडी कडकडीत वाळली की या माळाला भाव यायचा. एका कंपनीची मोठ्या पोटाची विमानं यायची, पोटात लाल मिश्रण भरून घ्यायची आणि डोंगरात पेटलेल्या वणव्याच्या पुढ्यात त्याची रेघ ओढून परत यायची. आग त्या रेघेपाशी येऊन अडली तर गाव वाचायचं.

रेघ ओढणारे वैमानिक. ती ज्याची ओढायची ते मिश्रण कालवणारी ही. एकवीस उन्हाळे तिने हे केलं. गोणीतली भुकटी, टाकीतलं पाणी आणि डोक्यावर सूर्य. मिश्रण पातळ झालं तर हवेत त्याचं धुकं होतं आणि वारा ते उडवून नेतो. फार दाट झालं तर विमानाला ते पेलवत नाही. म्हणून प्रत्येक भरणीआधी ते मोजायचं, आणि मोजायचं साधन एकच, पत्र्याचं एक नरसाळं. तळाच्या भोकावर अंगठा धरायचा, काठोकाठ भरायचं, अंगठा काढायचा आणि खालचं मापाचं भांडं किती सेकंदांत भरतं ते बघायचं. साधं पाणी सव्वीस सेकंद. नीट कालवलेलं मिश्रण पन्नास. पहिल्या दोन वर्षांनंतर तिला घड्याळ लागेनासं झालं. पन्नास तिच्या अंगातच भिनलं होतं.

नियम असा होता की रोज सकाळी आधी साधं पाणी सोडून नरसाळं तपासायचं आणि तो आकडा रजिस्टरच्या पहिल्या रकान्यात लिहायचा. या नियमाला ती हसायची. "पाण्याचं काय मोजायचं? काल सव्वीस होतं, आज सव्वीस आहे, उद्या जग बुडालं तरी बुडवणारं पाणी सव्वीसच असेल." कागदावर बसून नियम करणाऱ्यांनी कधी पाणी पाहिलंय का, अशी तिला शंका होती. म्हणून महिन्याच्या एक तारखेला ती स्टुलावर बसायची, पेन घ्यायची आणि रकाना खालपर्यंत भरून टाकायची. सव्वीस, सव्वीस, सव्वीस. पाच मिनिटांचं काम. मग महिनाभर मिश्रणाच्या रकान्याकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघायची, कारण तो तिच्या लेखी खरा रकाना होता.

बाकी जगाबद्दल तिचं मत फारसं लांबलचक नव्हतं. वैमानिक म्हणजे गळ्यात रुमाल, डोक्यात हवा. ते हॉटेलात शिरले की त्यांच्यासाठी खुर्च्या सरकायच्या, ही शिरली की हॉटेलवाला म्हणायचा, "बाई, लाल पाय बाहेर झटका." कंपनीचा तपासनीस वर्षातून एकदा यायचा, रजिस्टरवर पंख्याच्या वाऱ्यासारखी नजर फिरवायचा आणि बूट रंगू नयेत म्हणून टाचांवर चालत परत जायचा. कार्यालयातल्या कारकुनाला ती माणसांत धरतच नसे.

फक्त एका वैमानिकाने तिची पंचाईत केली. त्याच्या गळ्यात रुमाल नव्हता. तो कमी बोलायचा, विमानातून उतरला की आधी मिश्रणाच्या टाकीपाशी येऊन "आज चांगलं बसलं, ताई" म्हणायचा आणि स्वतःचा कप स्वतः विसळायचा. नावं ठेवायला जागाच नाही म्हणजे काय! ती त्याच्यावर चिडूनच होती. त्याने तिच्या धाकट्या बहिणीला मागणी घातली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "जमिनीवरचं स्थळ नव्हतं का एखादं?" धाकटी हसली आणि लग्न करून मोकळी झाली.

यालाही आता बरीच वर्षं झाली. शेवटच्या उन्हाळ्याला एकोणीस.

त्या वर्षी जुनी विहीर आटली आणि कंपनीने बोअर मारून घेतली. बोअरचं पाणी जड होतं. कारकून कुरकुरायचा, चहाच्या किटलीत पांढरा थर बसतोय म्हणून. "मग किटलीत चहा करायचा, थर खायचा नाही," ती म्हणाली. पुढे एका महिन्याच्या सतरा तारखेला दुपारी लाकडाच्या वखारीवरच्या कड्यावर आग लागली. विमान तीन खेपा भरून गेलं. धाकटीचा नवराच चालवत होता. गाव विमानतळाच्या कुंपणाला लागून उभं होतं, आणि गावाच्या डोळ्यांदेखत तिन्ही वेळा लाल रेघ पडायच्या ऐवजी गुलाबी धुकं झालं आणि वाऱ्याबरोबर गेलं. आग रेघ नसलेल्या रेघेवरून सहज चालत आली. वखार जळाली, खालची अकरा घरं जळाली. माणसं वेळेत बाहेर निघाली एवढंच.

कुंपणापाशी कोणीतरी विचारलं, "असं कसं झालं हो?"

नरसाळेबाई लाल हात कमरेवर ठेवून उभी होती. मिश्रण पन्नास होतं. तिने स्वतः मोजलं होतं. म्हणजे चूक वरचीच. "खाली यायला घाबरला असेल," ती म्हणाली. "ढगात बसून शिंपडतोय. वैमानिक कसला, ढगोबा आहे नुसता!"

घर जळत असलेली माणसंसुद्धा हसली. असं हसू फार दिवस टिकतं.

चौकशी झाली. तो म्हणाला, "मी दीडशे फुटांवरून सोडलं. रोज सोडतो तसंच." तिने रजिस्टर टेबलावर ठेवलं. "खालचं माझं पन्नास आहे. वरचं वरच्यांना विचारा." रजिस्टर निर्मळ होतं, रकाने भरलेले होते, सह्या होत्या. माणसाच्या शब्दापुढे रकाना नेहमीच जिंकतो. त्याची नोकरी गेली, परवाना गेला, बावीस तारखेला कंपनीनेही गाशा गुंडाळला. पुढे विमानतळाच्या समितीने दया दाखवून त्याला धावपट्टीच्या कडेचं गवत कापायला ठेवलं. ज्या पट्टीवरून तो उडायचा तिच्या कडेने तो आता ताशी चार मैलांनी फिरतो. गाव त्याला ढगोबा म्हणतं. पोरांना तर ते खरं नाव वाटतं.

आणि नरसाळं? ते तिने शेवटच्या दिवशी रागाने, न धुताच पिशवीत घातलं, वर रजिस्टर कोंबलं आणि घरी आणलं. एकवीस वर्षांची नोकरी एका भित्र्यामुळे गेली, असं तिचं म्हणणं होतं. नरसाळं स्वयंपाकघरात खिळ्याला लागलं, ते तिथेच राहिलं.

या वर्षी विमानतळाच्या समितीचे अध्यक्ष तिच्या दारात आले. त्यांचं टायरचं दुकान आहे. माणूस टायरसारखाच, बाहेरून मजबूत, आत हवा.

"मावशी, विमानतळाला पन्नास वर्षं होतायत," ते म्हणाले.

"मला सांगताय? त्यातली एकवीस मी तिथे भाजलेय."

"म्हणूनच तर आलो. कार्यालयाच्या भिंतीवर इतिहास रंगवून घेतोय, आगीशी दिलेल्या झुंजीचा. आणि तुमचं नरसाळं काचेच्या पेटीत ठेवायचंय. खाली पाटी, वर दिवा."

"दिवा कशाला? ते काय अंड्यांवर बसलंय?"

अध्यक्ष बेताने हसले. तिच्यापुढे सगळे बेतानेच हसायचे. त्यांनी खिशातून चार कागद काढले. "मजकूर मास्तरांनी लिहिलाय. एकदा नजर टाका. गुरुवारी रंगारी येतोय."

मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले, आणि निवृत्त झाल्यापासून जास्तच शिकवू लागलेले. अध्यक्ष गेल्यावर तिने शिसपेन्सिल घेतली आणि खिडकीशी बसली. 'या माळरानाच्या कुशीत इतिहासाने डोळे उघडले,' अशी सुरुवात होती. माळाला कूस असते हे तिला पासष्टाव्या वर्षी कळलं. पुढे वैमानिकांना गरुड म्हटलं होतं, आगीला रणचंडी, आणि मिश्रण कालवणाऱ्यांना 'पडद्यामागचे अनाम हात'. "अनाम तुझा बाप," ती कागदाला म्हणाली. तिसऱ्या पानावर ती ओळ होती: 'दुर्दैवाने अखेरच्या वणव्यात वैमानिकाने भीतीपोटी अतिउंचावरून मिश्रण सोडल्यामुळे रेघ विस्कटली व अकरा घरे भस्मसात झाली.' पेन्सिल तिथे क्षणभरच थांबली. तिने 'भस्मसात' खोडून 'जळाली' केलं. बाकी ओळीत तिला काही खटकलं नाही.

चौथ्या पानावर मात्र ती उभी राहिली. पेटीवरची पाटी: 'या नरसाळ्यातून साधे पाणी पंचवीस सेकंदांत वाहून जात असे.'

"पंचवीस!"

भिंतीवर कायमचं लिहायचं आणि एक सेकंद गिळायचा. एवढ्या मोठ्या लेखणीला एक सेकंद जड झाला. मास्तरांना पुराव्यासकट तोंडघशी पाडायचं म्हणून तिने खिळ्यावरचं नरसाळं काढलं, मापाचं भांडं खाली ठेवलं, भिंतीवरचं घड्याळ उतरवून ओट्यावर उभं केलं. अंगठा भोकावर. काठोकाठ पाणी. अंगठा काढला.

सव्वीसला भांडं भरलं नव्हतं. अठ्ठावीसला नाही. तिने घड्याळाकडे असं पाहिलं जसं ती कारकुनाकडे बघायची. तेहेतीसला भांडं भरलं.

घड्याळ मेलं असेल. तिने सेल बदलला. तेहेतीस. अंगठा उशिरा काढला असेल. तेहेतीस. चौथ्या खेपेला तिने घड्याळाकडे पाठ केली आणि मनात मोजलं, आणि तिच्या अंगातलं जुनं मोजमाप तिला तेच सांगू लागलं.

तिने नरसाळं खिडकीच्या उजेडात धरलं आणि तळाच्या नळीत डोकावून पाहिलं. भोक पूर्वी पेन्सिलीएवढं होतं. आता आतून पांढरट कडं बसलं होतं, किटलीत बसतं तसं. विणायच्या सुईने खरवडलं, हललं नाही. एकोणीस वर्षांचं असेल, असं तिने स्वतःला सांगून पाहिलं; आणि लगेच तिच्यातल्या जुन्या नरसाळेबाईने विचारलं, खिळ्याला टांगलेल्या कोरड्या पत्र्यात क्षार काय भिंतीतून झिरपले? शिवाय त्या पांढऱ्या थरात लाल कण अडकलेले होते, थर धरताना आत राहून गेलेले. हे कडं काम चालू असताना बसलं होतं. बोअरच्या पाण्याने, त्या एका उन्हाळ्यात, रोज थोडं थोडं.

रजिस्टर कपाटाच्या तळाशी होतं. शेवटचं पान तिने उघडलं. पहिला रकाना: सव्वीस, सव्वीस, सव्वीस. एकच शाई, एकच तिरपा हात, सतरा तारखेलाही सव्वीस. बावीसला कंपनीचा तळ बंद झाला होता, टाक्या रिकाम्या होत्या, माळावर माणूस नव्हता. तरी तेवीसला सव्वीस, चोवीसला सव्वीस, थेट एकतीसपर्यंत. आणि तो महिना तर तीसच दिवसांचा होता.

हिशेब तिला बसल्या जागी करता येत होता. भोक बारीक झालेलं; त्यातून पन्नास सेकंद घेणारं मिश्रण खऱ्या भोकातून एकोणचाळीस घेईल. एकोणचाळीस म्हणजे रंगीत पाणी. ते दीडशे फुटांवरून सोडा की दहा फुटांवरून, त्याचं धुकंच होणार.

तिने व्हिनेगरची बाटली काढली. तासाभरात कडं विरघळलं असतं. मग नरसाळं पुन्हा सव्वीसला आलं असतं, मास्तर खोटे ठरले असते, पाटी बरोबर झाली असती आणि भिंत तशीच राहिली असती. वाडग्यात व्हिनेगर ओतूनही झालं. नरसाळं हातात घेऊन ती ओट्यापाशी उभी राहिली. असं करणाऱ्या माणसांना ती काय काय म्हणायची, ते शब्द तिचेच होते आणि सगळे तोंडपाठ होते. ते एकेक करून तिला ऐकू आले. शेवटी तिने वाडगं मोरीत रिकामं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती विमानतळावर गेली. धाकटीचा नवरा कापणीयंत्राच्या सीटवर बसून दात्यांत अडकलेलं गवत उपसत होता. एकोणीस वर्षांत ते दोघं वर्षाला चार वाक्यं बोलत आले होते, तीही धाकटीसमोर.

"काय ताई, आज इकडे वाट चुकलात?" तो म्हणाला. मग कापलेल्या गवताकडे हात केला. "बरोबर कापलंय ना? की उंचावरून कापलं?"

पिशवीतून नरसाळं, भांडं आणि घरच्या पाण्याची बाटली काढून तिने यंत्राच्या पत्र्यावर मांडली.

"घड्याळ आहे?"

"आहे की. लग्नातलं, तुमच्याच घरचं. चालतंय अजून."

"मोजा."

तिने अंगठा काढला. त्याने मोजलं. आकडा बघून तो हसला नाही. "पुन्हा," म्हणाला. पुन्हा तेहेतीस. तिसऱ्यांदा पाणी त्याने स्वतः भरलं, अंगठा स्वतः धरला आणि घड्याळ तिच्या हातात दिलं. मग नरसाळं उचलून, आभाळाकडे धरून, नळीतून बराच वेळ वर बघत राहिला.

"हे कधीपासून?"

"बोअरच्या पाण्यापासून. त्याच उन्हाळ्यापासून."

"आणि सकाळचं पाणी? ते तर रोज मोजायचा नियम होता."

"मी मोजत नव्हते," ती म्हणाली. "लिहीत होते."

वाऱ्याचा मोजा खांबावर एकदा फुगला आणि पडला. एवढ्यात धाकटी त्याचा डबा घेऊन पट्टीच्या कडेने आली. दोघांना एका जागी बघून ती दुरूनच थबकली. "काय झालं?"

"काही नाही," तो म्हणाला. "ताईंनी आज पाणी मोजलं."

धाकटी बारा वर्षं वैमानिकाची बायको होती. तिला जास्त सांगावं लागलं नाही. तिने नरसाळ्यात बोट घातलं, कडं चाचपलं आणि डबा गवतात ठेवला.

"माझ्याकडे चहाला यायचीस तू," ती थोरलीला म्हणाली. "यांच्या हातात किटली दिसली की म्हणायचीस, उंचावरून ओतू नका हो."

"म्हणायचे."

"आणि मी हसायचे, ताई. तू मोठी म्हणून. त्यांच्यासमोर मी पण हसायचे."

नरसाळेबाईने ओला अंगठा पिशवीला पुसला.

"भिंतीवरची ओळ मी बदलून घेते," ती म्हणाली.

"घ्या. नरसाळं पेटीत ठेवा, पण धुऊ नका." तो यंत्रावर चढला. "पण भिंत कोण वाचतं? नाव भिंतीवर नाहीये, ताई. लोकांच्या तोंडात आहे, आणि तिथे तुम्ही घातलंत. ते काढा."

"कसं काढू?"

"जसं घातलंत तसं," तो म्हणाला आणि यंत्र सुरू केलं. अर्धवट राहिलेली ओळ त्याने पूर्ण कापली. नेहमीसारखीच सरळ.

त्या दुपारी टायरच्या दुकानात अध्यक्ष आणि मास्तर दोघं सापडले. तिने सगळं सांगितलं, रजिस्टर उघडून दाखवलं.

अध्यक्षांनी मान खाजवली. "मावशी, आता कशाला? राख थंड झाली. समारंभात आपणच आपल्या तोंडाला काळं फासायचं?"

"तुमच्या नाही, माझ्या. आणि ते मी फासलंय, तुम्ही नुसता रंगारी द्या."

मास्तर चष्मा पुसत म्हणाले, "आपण असं करू. 'काही तांत्रिक कारणास्तव मिश्रण पातळ झाले.' वाचायलाही बरं वाटतं."

"तांत्रिक कारण? ते काय स्टुलावर बसून पेनाने रकाने भरत होतं? ते कारण तुमच्यासमोर चपला घालून उभं आहे. लिहा: वैमानिकाने मिश्रण योग्य उंचीवरून सोडले. ते पातळ होते, कारण मिश्रण करणाऱ्या बाईने नरसाळे तपासले नाही आणि न तपासता आकडे लिहिले."

"फार रुक्ष होतं हो."

"जळालेल्या अकरा घरांत ओलावा कुठून आणू? आणि मास्तर, पाणी सव्वीस. पंचवीस नव्हे. बाकी तुमची कूस-बिस राहू दे तशीच."

"आणि नाही लिहिलं तर?" अध्यक्षांनी विचारलं.

"तर तुमच्या दिव्याखाली टायर ठेवा."

ओळ लिहिली गेली. समारंभाच्या दिवशी अध्यक्षांनी भिंतीवरचा पडदा ओढला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि सगळे जण भिंतीकडे पाठ करून चहाच्या टेबलाकडे वळले. धाकटीच्या नवऱ्याचं म्हणणं खरंच होतं. भिंत कोणी वाचत नाही. दंतवैद्याने तेवढी वाचली, तीही आपलं नाव कुठे आहे ते बघायला. मग फोटोची वेळ झाली आणि अध्यक्षांनीच हाक मारली, "ए ढगोबा, ये की इकडे, कडेला उभा राहा!"

"कोण ढगोबा?"

आवाज नरसाळेबाईचा होता. तो आवाज एके काळी विमानाच्या घरघरीवरून ऐकू जायचा. चहाचे कप थांबले.

"अहो मावशी, सवयीने..."

"सवय माझी होती. तुम्ही उसनी घेतलीत, आता परत करा. ते नाव मी ठेवलं होतं आणि ते खोटं होतं. आग लागली त्या दिवशी ढगात कोणी असेल तर ती मी, स्टुलावर बसलेली. त्या माणसाने दीडशे फुटांवरून सोडलं. सगळ्यांनी ऐकलं ना? जे चहा पीत होते त्यांच्यासाठी पुन्हा सांगू?" आणि तिने पुन्हा सांगितलं.

कोणी हसलं नाही. कोणी तिची पाठही थोपटली नाही, आणि थोपटली असती तर तिने हात झटकला असता. वखारवाला एकटा पुढे आला, भिंतीपाशी जाऊन ओळ वाचली, तिच्याकडे बघून जमिनीवर थुंकला आणि निघून गेला. ते तिला वाजवी वाटलं.

पण एका दिवसाने तोंडं धुतली जात नाहीत. ती मग दुकानोदुकानी फिरू लागली. हॉटेलात "ढगोबाचा एक चहा" ऐकलं की ती बाहेरून आत यायची. न्हाव्याकडे, दवाखान्याच्या बाकावर, पोस्टात. जिथे शब्द कानावर पडेल तिथे ती उभी राहायची आणि पहिल्यापासून सगळं सांगायची, बोअर, किटली, रकाना, सव्वीस, तेहेतीस, एकतीस तारखेसकट. लोक कंटाळले. ती तीन महिने दमली नाही. एकवीस वर्षं जगाला नावं ठेवण्यात जी जीभ घासून धारदार झाली होती तिला प्रथमच कामाचं काम मिळालं होतं. शेवटी माणसं तिच्या भीतीनेच "वैमानिक" म्हणू लागली, आणि काही दिवसांनी भीती विसरली तरी शब्द राहिला. पोरांनी तिला मात्र पाठीमागे नवं नाव दिलं: तेहेतीसबाई. ते ऐकून ती मागे वळली नाही.

धाकटीने तिला चार महिने घरात घेतलं नाही. पाचव्या महिन्यात एका संध्याकाळी दार उघडं दिसलं. ती आत गेली. टेबलावर तीन कप होते, त्यातला एक तिचा जुना, कान तुटलेला. धाकटी पाठमोरी भांडी लावत राहिली, "बस" म्हणाली नाही. तो खुर्चीवर पेपर वाचत होता.

किटली थोरलीनेच उचलली. चहाची धार त्याच्या कपात जरा वरूनच पडू लागली.

"ताई," तो पेपरातून डोकं न काढता म्हणाला, "उंचावरून ओतू नका."

धाकटीचे हात भांड्यांवर थांबले. नरसाळेबाईने किटली खाली आणली, अगदी कपाच्या काठाशी, आणि मनातल्या मनात मोजत कप भरला.